रिकाम्या सभागृहातली टाळी

३ जून

घराघरांतल्या आत्यांनो, मावश्यांनो, काकांनो आणि मामांनो! ज्यांनी या पोरांना खांद्यावर बसवून फिरवलं, त्यांच्या शाळेतल्या नाटकांना टाळ्या वाजवून हात लाल करून घेतले, त्यांच्या तापात उशाशी जागरणं केली, त्या तुम्हा सर्वांना माझा सवाल आहे. पोर अभियांत्रिकीला निघालं की आपल्याला कोण विचारतं? आईबाप दार लोटून घेतात, आत बसून ठरवतात आणि बाहेर येऊन आपल्याला कळवतात. आपलं मत म्हणजे पाहुण्यांसाठी भिंतीला टेकवून ठेवलेली जादा खुर्ची. लागली तर उघडायची!

दैनंदिनी एकट्याने एकट्यासाठी लिहायची असते हे मला माहीत आहे. पण जिचं निम्मं आयुष्य कामगार सभागृहाच्या मंचावर गेलं, तिला समोर श्रोते दिसल्याशिवाय वाक्यच फुटत नाही. दिवसा मी सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं सांभाळते आणि रविवारी भाषणं करते. घरात मला 'भोंगा' म्हणतात. दादाने ठेवलेलं नाव.

तर मुद्दा असा. मुंगीला दोन जागा चालून आल्या आहेत. मुंगी ही दादाची एकुलती एक मुलगी. बोलत नाही, सतत काहीतरी उचलून कुठेतरी घेऊन चाललेली असते, म्हणून मुंगी. याच घरात, माझ्या खोलीच्या दाराशी खेळत मोठी झाली. मोठ्या विद्यापीठाने तिला संगणक अभियांत्रिकी देऊ केलं आहे. ते विद्यापीठ म्हणजे सगळीकडे काच आणि दारात थुईथुई कारंजं. जुन्या विद्यापीठाने स्थापत्य देऊ केलं आहे. तिथे काच कमी आणि जिने जास्त. पंधरा तारखेच्या आत एकाला होकार द्यायचा आहे.

दादाचं ठरलंय: संगणक. माझंही ठरलंय: स्थापत्य. मुंगीचं काय ठरलंय ते मुंगीला ठाऊक.

४ जून

जेवताना रण पेटलं.

"मी विमा विकतो," दादा म्हणाला. "कुणाच्या घरात किती धास्ती असते हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही. संगणक शिकली की पोरीच्या डोक्यावर कायमचं छप्पर."

"आणि ते छप्पर बांधतो कोण?" मी विचारलं. "स्थापत्य अभियंता! पूल, धरणं, शाळा, दवाखाने. ज्याला माणूस हात लावून बघू शकतो असं काहीतरी पोरीने मागे ठेवावं, दादा. पडद्यावरची अक्षरं वीज गेली की जातात."

"झाला भोंगा सुरू," वहिनी म्हणाली आणि पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. वहिनी इस्पितळात परिचारिका आहे. बारा तासांची पाळी करून आलेली बाई भांडणात कुणाचीच बाजू घेत नाही, फक्त पाणी देते.

"तिलाच विचारूया," दादा म्हणाला. "बोल गं, तुझं काय मत?"

मुंगीने घास गिळला. तोंड उघडलं. तेवढ्यात मला एक फार महत्त्वाचा मुद्दा आठवला, तो मी मांडला. त्याला दादाने उत्तर दिलं. त्या उत्तरातला खोटेपणा दाखवून देणं भागच होतं. असं करता करता ताटं वाळली.

शेवटी मुंगी एवढंच म्हणाली, "जुन्या विद्यापीठाचं मोठं सभागृह आतून बघता येईल का?"

दादा खो खो हसला. मला मात्र भरून आलं. पोरगी आतापासून पदवीच्या दिवसाचं स्वप्न बघते आहे! माझ्या बाजूचा कौल यापेक्षा स्पष्ट काय असणार?

८ जून

आज कामगार सभागृहात सभा होती. विषय: शिलाई कारखान्याच्या खिळे ठोकून बंद केलेल्या खिडक्या. आत तीनशे बायका श्वास कोंडून शिवतात आणि मालक म्हणतो, धूळ आत येते.

मुंगी नेहमीप्रमाणे माझ्याबरोबर लवकर आली. शाळेत जायला लागली तेव्हापासून ती माझ्या प्रत्येक सभेला येते, आणि प्रत्येक सभेआधी तिचा एक रिवाज असतो. सभागृह रिकामं असतं. ती दारात उभी राहते आणि दोन्ही हातांनी एकदाच, खणखणीत टाळी वाजवते. मग मान तिरकी करून गप्प उभी राहते. मग मध्यावर येऊन आणखी एक. मग मंचाशी. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, पण या टाळ्यांशिवाय मला मंचावर पाय ठेववत नाही. जगातली पहिली दाद मला रिकाम्या सभागृहात मिळते, तीही न बोलणाऱ्या पोरीकडून.

सभा सुरू झाल्यावर ती शेवटच्या रांगेत बसली. थोड्या वेळाने उठून डाव्या भिंतीशी गेली. मग खांबामागे. तिला एका जागी बसवत नाही, लहानपणापासूनच चुळबुळी.

"आत्या, आज हळू बोल," सुरुवातीला ती म्हणाली होती. "आणि वाक्य संपलं की जरा थांब."

माझ्या घशाची एवढी काळजी सख्ख्या भावालाही नाही. पण खिडक्यांच्या प्रश्नावर हळू बोलायचं म्हणजे काय? मी बोलले ते पेटूनच बोलले. पुढच्या रांगांतल्या बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मागच्या दोन रांगांत मात्र खुशाल गप्पा चालल्या होत्या आणि एक बाई तर चक्क विणत बसली होती. मी आवाज चढवला. मी जितका चढवत गेले तितकी मागची कुजबुज वाढली. शेवटी मी मंचावरून त्यांना सुनावलं, की अन्यायाहून मोठा गुन्हा उदासीनतेचा असतो! त्या ढिम्म हलल्या नाहीत. वीस वर्षं बघते आहे. मागे बसतात ते मागेच राहतात.

११ जून

जुन्या विद्यापीठात जाऊन आलो. मी, मुंगी आणि दादा. दादा 'सुट्टी वाया गेली' असा चेहरा करून आला होता.

दुसऱ्या वर्षाची एक उंच मुलगी आम्हाला हिंडवत होती. स्थापत्य विभाग पाहून माझी छाती फुगली. काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडायचं यंत्र, वाळूच्या चाळण्या, एका टेबलावर पुलाची प्रतिकृती आणि तिच्यावर ठेवलेल्या विटा. मी प्रश्नांची सरबत्ती केली. मुंगी नम्रपणे मान हलवत होती. दातांच्या डॉक्टरकडे माणूस हलवतो तशी.

मग मोठं सभागृह. उंच घुमट, दगडी भिंती, गुळगुळीत फरशी. मुंगीने इकडेतिकडे पाहिलं आणि टाळी वाजवली. उंच मुलगी दचकली. टाळीचा आवाज वर गेला, घुमटात फिरला, बराच वेळ रेंगाळला. मुंगीचा चेहरा असा उजळला, की मी दादाला कोपर मारलं. "बघ," म्हटलं, "पोरीचा जीव जडलाय."

परत निघताना यंत्र विभागाच्या तळमजल्यावर एक जाडजूड दार होतं. मुंगी तिथे अडली. "हे आत जाऊन बघू?"

आत्यांनो, त्या खोलीइतका अपमान माझा आजवर कोणत्याही विरोधकाने केलेला नाही. भिंतींना, छताला, सगळीकडे स्पंजच्या टोकदार पाचरी. पायाखाली तारेची जाळी आणि जाळीखालीही पाचरी. इथे आवाज कुठेच आपटून परत येत नाही, असं त्या उंच मुलीने सांगितलं. मी म्हटलं, बघूया तर! छाती भरून "बंधूंनो आणि भगिनींनो!" अशी हाक दिली. हाक ओठांपाशीच मेली. जणू कुणी तोंडावर उशी दाबली. मला स्वतःचा आवाज एखाद्या घाबरलेल्या बाईसारखा वाटला. मी तडक बाहेर आले.

मुंगी मात्र आत डोळे मिटून उभी होती. किती वेळ! दमली असणार बिचारी, सकाळपासून पायपीट. दादाने हाक मारली तेव्हा बाहेर आली, तर ओठांवर हसू.

"काय करत होतीस गं?" मी विचारलं.

"ऐकत होते."

"आत तर काहीच नव्हतं."

"हो ना!" ती म्हणाली आणि बसमध्ये खिडकीशी जाऊन बसली.

१४ जून

विजय! संध्याकाळी मुंगी बापासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, मला जुन्या विद्यापीठात जायचंय."

दादाने चष्मा काढून पुसला. "का, ते तरी सांगशील?"

मुंगीने श्वास घेतला. तिला शब्द सापडेनात हे मला दिसलं, म्हणून मी तिच्या वतीने कारणं दिली. सुसूत्र, एकामागून एक. माझ्या मते गेल्या काही वर्षांतलं हे माझं सर्वोत्तम विवेचन होतं. मुंगी माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तोंड मिटलं.

"भोंगा जिंकला," वहिनी म्हणाली. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. लेकीकडे बघत होती.

१० ऑगस्ट

वर्ग सुरू होऊन दोन आठवडे झाले. मुंगी सकाळच्या बसने जाते, अंधार पडायच्या सुमारास येते. मी रोज विचारते, आज काय बांधलं? ती म्हणते, आज वाळू चाळली. पोरगी जरा सुकल्यासारखी वाटते. नव्या जागेचा थकवा. पाया खणताना घाम येणारच.

२४ ऑगस्ट

आजचा दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही.

सभेआधी सभागृहात पाऊल टाकलं आणि माझं डोकंच फिरलं. मागच्या अख्ख्या भिंतीवर इस्पितळातली जुनी, विटकी, करड्या रंगाची ब्लँकेटं खिळ्यांवर टांगलेली! डाव्या भिंतीवरही. शिडीवर मुंगी, खाली दोरी धरून वहिनी.

"हे काय धोब्याचं दुकान मांडलंय?" मी ओरडले.

"बाद झालेली ब्लँकेटं आहेत, विचारून आणलीत," वहिनी म्हणाली. "तुझी लेक म्हणाली, एक सभा राहू दे. राहू दे."

लेक तिची, पण बिनसलं की माझी. मी कपाळावर हात मारला. श्रोते येऊ लागले होते, काढायला वेळ नव्हता. मुंगीने शिडीवरून उतरून टाळी वाजवली. आज टाळी कशी कोण जाणे, सुकी वाटली, टप्पकन पडली. मला अपशकुनच वाटला. शिवाय जवळ येऊन म्हणते, "आत्या, आज तरी हळू." घसा खरंच बसला होता, म्हणून ऐकलं.

आणि मग मी बोलले! माझ्या आयुष्यात मी असं बोललेली नाही. मालकाच्या नाकावर बसलेल्या धुळीचा विनोद केला तर शेवटची रांग हसली. शेवटची! खिडक्यांमागे बेशुद्ध पडलेल्या मुलीची हकीकत सांगितली तर ती नेहमीची विणणारी बाई सुया मांडीवर ठेवून ऐकत राहिली. सभा संपल्यावर ती माझ्यापाशी आली. "बाई," म्हणाली, "तुम्ही इतकं छान बोलता? आणि हे मला आज कळावं, इतक्या वर्षांनी?" तिचे डोळे भरले होते. सोमवारी खिडक्यांच्या मागणीवर सही करायला ती स्वतः दहाजणींना घेऊन येणार आहे.

उदासीनतेचा बर्फही शेवटी शब्दांनी वितळतो! शब्द सच्चे असले पाहिजेत, एवढंच.

ब्लँकेटं मात्र वहिनीला लगेच काढायला लावली. शोभा जाते.

७ सप्टेंबर

वज्राघात.

वाचनालयातून आले तर मुंगी माझ्या खोलीत पलंगावर बसलेली. "आत्या, मला शाखा बदलायचीय. यंत्र विभागात जायचंय."

मी पिशवी खाली ठेवली. "यंत्र? म्हणजे नट आणि बोल्ट?"

"तसं नाही. तिथे ती खोली आहे ना, त्या खोलीत..."

त्या खोलीचं नाव काढलं आणि माझा तोल गेला. मी म्हटलं, तुझ्यासाठी मी सख्ख्या भावाशी वैर घेतलं. म्हटलं, पूल म्हणजे काय ते तुला कळतं का? माणसाला माणसाशी जोडणं म्हणजे पूल! सहा आठवडे वाळू चाळून कंटाळणाऱ्यांनी जगात काही उभं केलेलं नाही. मी उभी राहून बोलत होते. हात वर होता. भिंतीवरच्या माझ्या सावलीचाही हात वर होता.

माझं संपलं तेव्हा मुंगी दारात होती. "बरं," एवढंच म्हणाली.

खाली दादाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "मी सांगितलं होतं संगणक घे. आता मोठं विद्यापीठ परत दार उघडणार आहे का?" एवढं खरं बोलूनही त्याला आनंद झालेला दिसला नाही.

९ सप्टेंबर

सकाळी वहिनी माझ्या खोलीत आली. पाळीवरून आली होती, पायांत तेच पांढरे बूट. खुर्चीवर बसली आणि बूट सोडू लागली.

"तिला का बदलायचंय, विचारलंस?"

"विचारलं की!"

"काय म्हणाली?"

मी आठवून पाहिलं. तिने काय सांगितलं? खोली, एवढा एक शब्द. त्याच्यापुढे फक्त माझंच भाषण आठवलं, शब्दन् शब्द.

वहिनी बूट हातात घेऊन उठली. "तुला सांगू? इस्पितळात एक डॉक्टर आहे. फार हुशार. ठोके ऐकायला छातीला नळी लावतो, तेव्हासुद्धा बोलत असतो." आणि गेली.

ही टीका होती असं मला वाटतं. दिवसभर डाचत राहिली.

१३ सप्टेंबर

विचारांती माझं मत बदललं आहे, आणि मी ते उघड मान्य करते. ज्या बाईने आयुष्यभर बंद खिडक्यांविरुद्ध भाषणं केली, तिनेच भाचीच्या खिडकीला खिळे ठोकावेत? कुणी सतराव्या-अठराव्या वर्षी केलेली निवड जन्मभर गळ्यात बांधून फिरावं, असं कोणत्या ग्रंथात लिहिलं आहे? चुकीच्या गाडीत बसल्याचं कळलं की शहाणा माणूस पुढच्या थांब्यावर उतरतो. उतरणाऱ्याला पळपुटा म्हणणारे डब्यात झोपलेले असतात.

यंत्र विभागात एकच जागा मोकळी आहे आणि मागणारे अनेक. समिती प्रत्येकाला मोठ्या सभागृहात समोर बोलावून ऐकणार आहे. आता मुंगीला बोलावं लागणार! मुंगीला!

मी कंबर कसली. तीन संध्याकाळी खपून तिच्यासाठी भाषण लिहिलं. सुरुवात मानवजातीच्या पहिल्या चाकापासून आहे. मुंगीने ते माझ्यासमोर पूर्ण वाचलं, हसली, माझ्या गळ्यात हात टाकला. "फार छान आहे, आत्या." घडी करून पुस्तकात ठेवलं. पोरगी चीज करणारी आहे.

२६ सप्टेंबर

रात्र झाली आहे, तरी आजच लिहायला हवं.

घरच्यांना सभागृहात बसायची परवानगी होती, पण शेवटच्या रांगेत. पुढे समिती: मध्ये पांढऱ्या केसांच्या विभागप्रमुख बाई, त्यांच्या दोन्ही बाजूंना प्राध्यापक. मंचावर एक एक विद्यार्थी. मी, दादा आणि वहिनी अगदी मागे भिंतीला टेकून.

मी शेवटच्या रांगेत कधी बसले होते? आठवेना. मी नेहमी मंचावर असते.

पहिला मुलगा बोलू लागला. मी कान टवकारले. आवाज येत होता, भरपूर येत होता. पण शब्द येत नव्हते. शब्द घुमटात चढत, तिथून उतरत, आणि उतरेपर्यंत पुढचे शब्द येऊन त्यांच्यावर पडत. माझ्यापर्यंत पोचत होता तो नुसता लगदा. तो मुलगा जीव तोडून ओरडू लागला. लगदा आणखी घट्ट झाला.

"काय म्हणतोय?" दादाने विचारलं.

"कळत नाही," मी म्हणाले.

"मग आपण बोलूया," दादा म्हणाला. आणि खरंच, आम्ही कुजबुजायला लागलो. शेजारच्या एका मुलीच्या आईने पिशवीतून सुया आणि लोकर काढली. त्या सुया बघितल्या आणि मी कुजबुजायची थांबले.

मग मुंगी आली. मंचावर ती किती लहान दिसली. मी मनातल्या मनात म्हटलं, चाक, मुंगी, मानवजातीचं पहिलं चाक! तिने हातात काहीच धरलं नव्हतं. ती मधोमध उभी राहिली आणि टाळी वाजवली. एकच.

समितीतले सगळे ताठ बसले. मुंगी बोटाने वर दाखवत होती, मग मागच्या भिंतीकडे, मग खांबांकडे. बोलत होती. ओठ हलत होते. माझी भाची, जिचं बोलणं ऐकायला मी अठरा वर्षं आतुर होते, अखेर बोलत होती आणि मला एक अक्षर कळत नव्हतं! मी पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर आले. हाताचा पेला कानाला लावला. काही नाही. पांढऱ्या केसांच्या बाई मात्र पुढे झुकल्या होत्या.

मग मुंगीने त्यांना काहीतरी विनंती केली. बाई उठून मंचावर गेल्या, आणि मुंगी पायऱ्या उतरून थेट आमच्याकडे, शेवटच्या रांगेपर्यंत चालत आली. माझ्या खुर्चीशी उभी राहिली. मंचावरून बाई एक वाक्य बोलल्या. लांबलचक, एका दमात.

"काय ऐकू आलं?" मुंगीने आमच्या रांगेला विचारलं.

कुणी काही सांगू शकलं नाही.

"आत्या, तुला?"

आत्यांनो, मला निरुत्तर करणारा अजून जन्मायचा आहे, असं मी चारचौघांत सांगत आले. मी म्हणाले, "काहीच नाही गं."

मुंगीने हात खाली-वर करून मंचाकडे 'हळू' अशी खूण केली. बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. हळू, लहान तुकड्यांत, प्रत्येक तुकड्यानंतर थांबून. या वेळी शब्द आले. ओळखू येण्याजोगे, एक एक करून. "या सभागृहात मी तीस वर्षं शिकवते आहे, आणि मागे बसणारे लक्ष देत नाहीत, असं मला वाटत होतं."

बाई मंचावरून उतरून अर्ध्या वाटेपर्यंत चालत आल्या आणि त्यांनी मुंगीला विचारलं, "तुला हे कुठून सुचलं?"

मुंगी माझ्याजवळ उभी होती, म्हणून हे उत्तर मला नीट ऐकू आलं. "माझी आत्या भाषणं करते," ती म्हणाली. "फार चांगली करते. मी लहानपणापासून शेवटच्या रांगेत बसून ऐकते. पुढे बसलेली माणसं रडायची आणि मागची विणायची. घरी आल्यावर आत्या म्हणायची, मागच्यांना काही वाटत नाही. मला माहीत होतं की त्यांना ऐकूच येत नाही. मग मी टाळी वाजवून शोधायला लागले, आवाज कुठे अडतो आणि कुठून परत येतो. आता मला तेच शिकायचंय. आत्याचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचेत."

वहिनीने माझा हात धरला होता, की मी तिचा, कोण जाणे. दादा चष्मा पुसत होता.

ती टाळी! बारा वर्षं मी तिला दाद समजत होते. आणि ती ब्लँकेटं... मी काढायला लावली. शोभा जाते म्हणून.

परतीच्या बसमध्ये मी मुंगीला विचारलं, "मला कधी सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते की. हळू बोल म्हणाले, थांब म्हणाले."

"ते घशासाठी..."

मुंगी हसली, मोठ्याने. बसमधली माणसं वळून बघायला लागली. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाली, "माझं भाषण कसं झालं?"

"मला एक अक्षर ऐकू आलं नाही," मी म्हणाले. "पण मी यापेक्षा चांगलं भाषण बघितलेलं नाही."

५ ऑक्टोबर

जागा मुंगीला मिळाली. चुकलेली कार्यशाळा तिला सुट्टीत भरून काढायची आहे. दादा पहिल्याच दिवशी ती पाचरींची खोली बघायला गेला आणि आल्यावर जेवताना कितीतरी वेळ त्याबद्दलच बोलत राहिला. तिथे आवाज मोजायला संगणक लागतात म्हणे, म्हणजे आपलंच खरं झालं, असा त्याचा दावा आहे. मी खोडून काढणार होते. मुंगीच्या तोंडाकडे पाहिलं. तिला काहीतरी सांगायचं होतं. मी पाणी प्यायले.

आज सभेच्या आधी कामगार सभागृहात एकटीच गेले. मुंगी कार्यशाळा भरून काढायला गेली होती. नंतर विणणाऱ्या बाईने येऊन खिळे ठोकले आणि आम्ही दोघींनी ब्लँकेटं पुन्हा टांगली. त्याआधी मी दारात उभी राहून टाळी वाजवून पाहिली. टाळी गेली, मागच्या भिंतीवर आपटली आणि माझ्याकडे परत आली, मग पुन्हा, मग झिजून झिजून. वीस वर्षांची माझी सगळी वाक्यं तशीच आपटून परत आली असतील आणि मीच ती ऐकली असतील. पोरीने हे कितव्या वर्षी ओळखलं? आणि ओळखून, मला न दुखवता, एका शब्दाने न चिडवता, खिळे आणि दोरी घेऊन कामाला लागली. पूल म्हणजे काय ते मी तिला शिकवत होते!

तेव्हा आत्यांनो, मावश्यांनो, काकांनो आणि मामांनो, आणि दार लोटून बसणाऱ्या आईबापांनो, तुम्हीसुद्धा! कोणतं विद्यापीठ, कोणती शाखा, राहायचं की बदलायचं, यावर माझ्याकडे आता एकही मत नाही. एकच काम सांगते. उद्या सकाळी त्या पोराला घरातल्या सगळ्यात मोठ्या खोलीत एका टोकाला उभं करा. तुम्ही दुसऱ्या टोकाला, भिंतीला पाठ लावून बसा. आणि त्याचं बोलून होईपर्यंत तोंड उघडू नका.